साट्यालोट्याचं समीकरण

व्याख्यान देताना पाणी कुणाकडे मागावं, हे आम्हा प्राध्यापक मंडळींना कुणी शिकवत नाही. मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

बायकोचं माहेर तासगावजवळ. तिथं नवरात्रात देवळापुढच्या मांडवात व्याख्यानमाला असते. एका माळेचा वक्ता ऐन वेळी आजारी पडला आणि गावचा एक जावई साताऱ्याला कॉलेजात गणित शिकवतो, ही गोष्ट मंडळाच्या कुणाला तरी आठवली. जावई बोलावला की येतो, आणि घरी जेवायची सोय असतेच. विषय मीच सुचवला : लोकसंख्येचं गणित. तरुणपणी मी त्यात थोडंफार काम केलं होतं. प्राण्यांचे कळप कसे वाढतात, बाजारात मागणी-पुरवठ्याचा तोल कसा साधतो आणि या दोन्ही गोष्टींचं समीकरण मुळात एकाच घराण्यातलं कसं असतं, असं ते काम. वाचणारे आम्ही तिघं होतो. त्यातला एक मी.

मांडवात फळा आणून ठेवला होता. मी तळ्यातल्या माशांपासून सुरुवात केली. मासे वाढतात, खाणं संपतं, वाढ मंदावते. मग लांडगे आणि मेंढरं. लांडगे वाढले की मेंढरं कमी, मेंढरं कमी झाली की लांडगे उपाशी. पुढच्या रांगेतले म्हातारे एकेक करून मान टाकायला लागले. मागं बायका आपापसात कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. मग मी, शिकवणाऱ्या माणसाला वर्ग हातातून सुटताना जे सुचतं, ते केलं. उदाहरण बदललं.

"समजा, एक गाव आहे," मी म्हणालो. "लग्नाची मुलं जास्त, मुली कमी. या वर्षी जी मुलं उरली ती पुढच्या वर्षीच्या रांगेत शेवटी उभी राहतात. पुढच्या वर्षी नवी मुलं येतात, तीही मुलींपेक्षा जास्तच. रांग वाढत जाते. मुलगी देणारा बाप पुढून बघत येतो, त्याला मधेच कुणीतरी पसंत पडतो. शेवटापर्यंत तो पोचतच नाही."

मांडव जागा झाला. म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्यात 'शिल्लक' लिहिलं आणि आणखी रंगात आलो. म्हणालो, "बाजारात पैसा आटला की माणसं वस्तूला वस्तू देतात. तसंच इथं होतं. आपल्याकडं त्याला साटंलोटं म्हणतात. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची मुलगी तुमच्या मुलाला. गणिताच्या दृष्टीनं हा अगदी स्वाभाविक तोडगा आहे."

टाळ्या पडल्या. माझ्या समीकरणाला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडत होत्या. घसा कोरडा पडला होता. एक बोट त्या वर्तुळावर तसंच ठेवून मी कडेला तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडं वळलो आणि म्हणालो, "या, इकडे या."

तो आला. वर्तुळाखाली, माझ्या बोटाखाली, तांब्या घेऊन उभा राहिला. सगळा मांडव हसला. मला वाटलं, विनोद उशिरा पोचला. मीही हसलो. पाणी प्यायलो, आणि तांब्या परत देताना बघितलं, तर तो माझा मेहुणा होता.

परतीच्या वाटेवर बायको कऱ्हाड येईपर्यंत बोलली नाही. कऱ्हाडला एवढंच म्हणाली, "चहा घ्यायचाय का?"

मेहुणा तिच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान. द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड, डोक्यावर कुणाचं देणं नाही, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. चाळिशीला टेकलेला, आणि लग्न नाही. बायोडाटात त्याचं वय बरीच वर्षं बत्तीस होतं. गणितात अशा संख्येला अचल म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, "खरं लिवून कुणाचं भलं झालंय?" फोटोही त्याच काळातला. त्यातला शर्ट फाटून त्याची शेडमधली फडकी झाली, तरी फोटोत तो अजून नवाच होता.

त्याला बघायला येणाऱ्यांना आणि तो ज्यांच्याकडं बघायला जायचा त्यांना जमीन हवी असायची, पण जमिनीत जाणारा माणूस नको असायचा. मुलगा पुण्यात पाहिजे आणि गावाकडं बाग पाहिजे. बाग पुण्यातून फोनवर पिकते, अशी काहीतरी समजूत असावी. मुलींना मी दोष देत नाही. माझी स्वतःची मुलगी चोवीस वर्षांची आहे, पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि तिला कुणी द्राक्षबागायतदाराचं स्थळ आणलं असतं तर मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त त्याचं समीकरण मी कधी मांडलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी मांडवात मांडली नव्हती. 'मुली कमी' असं मी म्हणालो ते 'यंदा पाऊस कमी' म्हणावं तसं. मुली कमी जन्मल्या नव्हत्या. त्या कमी जन्मू दिल्या गेल्या होत्या, आणि ते कुणाकुणाच्या घरात झालं हे त्या मांडवातल्या म्हाताऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

छाटणीची कामं उरकल्यावर मेहुणा साताऱ्याला आला. येताना काकडीएवढाली दोडकी आणि गेल्या मोसमातला बेदाणा घेऊन आला. व्याख्यानाचा विषय काढून माफी मागावी असं मी ठरवलं होतं, पण जेवण झाल्यावर त्यानंच काढला.

"दाजी, ते फळ्यावरचं परत एकदा काढून दावा की."

"जाऊ दे रे. लोकांना हसवायला बोललो."

"न्हाई, मला खरंच बघायचंय. तवा मी पाण्याच्या गडबडीत हुतो."

मी वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलं. रांगेत येणारे, रांगेतून जाणारे. तो वाकून बघत होता, औषधाच्या डब्यावरचं प्रमाण वाचावं तसा.

"ह्या रांगेतनं बाहेर पडायची वाट कंची?"

"लग्न."

"आन दुसरी?"

मी घुटमळलो. समीकरणात दुसरी वाट होती, त्याशिवाय ते सुटत नाही. "मृत्यू," मी म्हणालो.

"बरं हाय की. म्हंजे सुटका नक्की हाय, वाट कंची ते ठरायचंय." तो हसला. "आन मी कुठं हाय ह्यात?"

मी पेन्सिल टेकवली. उगाच खोटं बोलायला नको म्हणून अगदी टोकाला टेकवली नाही, पण त्याला समजलं.

"शेपटाला."

"हे सरासरीचं गणित असतं रे. एकेका माणसाचं यातून काही निघत नाही."

"सरासरी माणूसच लगीन करत आसतोय दाजी. आमच्यासारखी कडंची ऱ्हात्यात." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "ताई, दाजींनी माझी पत्रिका बघितली. मंगळ न्हाई, शेपूट हाय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तुळशीची लग्नं लागली आणि स्थळांचा मोसम उघडला. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे मेढ्याकडचे. निवृत्तीनंतर काही जण बाग फुलवतात, काही जण नातवंडं सांभाळतात. सुभेदार लग्नं जमवतात. हौसेनं. एका सकाळी ते कडक इस्त्रीच्या शर्टात आले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "सर, एक केस आणलीय. एकदम फिट."

मेढ्याच्या वर डोंगरात एक घर. मुलगी तिशीची, पदवीधर, मेढ्यात औषधाच्या दुकानात कामाला. शेतीवाल्याशी लग्न करायला तयार आहे, स्वतःच्या तोंडानं तसं म्हणाली आहे. बायकोनं चहात साखर घालता घालता हात थांबवला. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

"फक्त एक अट हाय," सुभेदार म्हणाले. "मुलीला भाऊ हाय. तेबी लगनाचं. भाताची शेती, चार म्हशी, सज्जन पोरगं. पर त्येलाबी कुणी दीना. वडील म्हणतात, आमी आमची देतो, तुमी तुमची द्या."

"आमची कोण?" मी विचारलं. मेहुण्याला दुसरी बहीण नाही. होती ती एकच, ती मी केव्हाच घरी आणली होती.

सुभेदारांनी कपाकडं बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. फोटोत माझी मुलगी पदवीचा झगा घालून उभी होती.

"ती पुण्याला असते," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. जणू अंतराचाच प्रश्न होता.

"रजेवर येत आसंल की," सुभेदार म्हणाले. मग थोडं अजिजीनं, "सर, तुमचं भाषण मोबाईलवर आलंवतं. मुलीच्या वडिलांनीबी ऐकलंय. त्यास्नी लय पटलं. तुमच्याच घरात ह्यो इचार हाय म्हणल्यावर ते म्हणले, मग अडचण कसली."

मी बायकोकडं बघितलं. ती 'नाही' म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. ती म्हणाली, "विचार करून कळवतो."

सुभेदार गेले. ती माझ्याकडं न बघता कप उचलायला लागली. ती 'नाही' का म्हणाली नाही, हे मी विचारलं नाही, कारण मग मी का म्हणालो नाही हे तिनं विचारलं असतं. खरं सांगायचं तर त्या 'विचार करून कळवतो'च्या आडोशाला मीही जाऊन उभा राहिलो होतो. जागा दोघांना पुरेशी होती.

आठ दिवसांत सासूबाई राहायला आल्या. त्यांना कुणी काय सांगितलं होतं माहीत नाही. त्या थेट काही बोलल्या नाहीत. मटार सोलत बसायच्या आणि मेढ्याबद्दल बोलायच्या.

"मेढ्याकडचं पाणी लय हलकं म्हणं. पुण्याच्या पाण्यानं पोरीचं केस गेलं."

"होय का," मी म्हणायचो.

"डोंगरात डोकंबी दुखत न्हाई. तिचं डोकं दुखतंय न्हवं सारखं?"

"अर्धशिशी आहे ती आई, पाण्यानं नाही जात."

"तुमी गणितवाले. तुमास्नी पाण्यातलं काय कळतंय." मग बराच वेळ नुसत्या शेंगा सोलायच्या. "माझं काय, मी आज हाय. त्ये पोरगं सांजचं घरी येतंय, दिवा लावतंय, टीव्ही लावतंय. बघत न्हाई. नुस्ता आवाज पायजे त्येला घरात."

हे ऐकून बायको परसदारी निघून जायची.

मी कॉलेजात माझ्या टेबलाशी बसून, दुसरं काहीच जमत नसलेला माणूस जे करतो ते केलं. समीकरणात साटंलोटं घातलं. मांडवात नुसतं बोललो होतो, आता खरोखर मांडलं. दोन दिवसांत उत्तर आलं, आणि ते पहिल्याच दिवशी डोक्यानं कळायला हवं होतं. साट्यालोट्यानं मुली वाढत नाहीत. एकसुद्धा नाही. रांगेची लांबी तेवढीच राहते, फक्त आत कोण उभं हे बदलतं. ज्यांच्या घरात बहीण, भाची, पुतणी आहे ते पुढं सरकतात, आणि ज्यांच्या घरात कुणी नाही ते आणखी मागं जातात. म्हणजे ज्या घरांनी मुली जन्मू दिल्या नाहीत ती मागं, असं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग दिसलं की शिक्षा भोगणारा तो मुलगा असतो, आणि किंमत चुकवणारी मुलगी असते. ज्यांनी ठरवलं होतं ते रांगेत नसतातच. ते मांडवात पुढं बसून ऐकत असतात.

आणखी एक दिसलं. ते सगळं समीकरण एका गोष्टीवर उभं होतं. देवाणघेवाणीच्या पदात एक अक्षर होतं. ती मुलगी. तिला मी स्थिरांक धरलं होतं, कारण तसं धरल्याशिवाय हिशोब पुढं जात नाही. त्या अक्षराला पुण्यात भाड्याची खोली होती, अर्धशिशी होती, एक भटकं मांजर होतं आणि रविवारी सकाळी मला फोन करून 'बाबा, आज काय केलंत' असं विचारायची सवय होती. त्या रविवारीही तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, थोडं काम केलं."

मार्गशीर्षात आम्ही मेढ्याला गेलो. सुभेदारांचं म्हणणं होतं, आधी इकडची पसंती होऊ दे, मग तिकडचं बघू. मेहुण्याला अटीबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. सांगू नका, असं बायकोचं म्हणणं होतं, "आधी त्याला एकदा मोकळ्या मनानं बघू दे तरी." त्यानं नवा शर्ट घेतला होता. बायोडाटावर खरं वय लिहायला लावलं होतं, हाही त्याचाच हट्ट.

घर डोंगराच्या कुशीला. अंगणात भाताचा पेंढा रचलेला. वडिलांनी हात जोडून या बसा केलं आणि माझा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला. पोह्यांच्या बशा मुलीनं नाही, तिच्या भावानं आणल्या. मोठ्या हाडापेराचा, शांत, नजर खाली. माझ्यापुढं बशी ठेवताना तो माझ्या पायांकडं बघत होता. नमस्कार करावा की अजून वेळ आहे, हे ठरत नसल्यासारखा. मला त्याची फार कीव आली. त्याच्यात काही म्हणता काही खोट नव्हती. तोही कुणाच्या तरी वर्तुळातला होता.

मुलगी बाहेर आली, बसली. नेहमीचे प्रश्न झाले. मग तिनं स्वतःच मेहुण्याला विचारलं, "तुमचा बेदाणा हिरवा कसा राहतो? आमच्या दुकानात येतो तो काळपट असतो."

"उन्हात वाळवला की काळा पडतोय," मेहुणा म्हणाला. "आमी शेडच्या सावलीत वाळवतो. जाळीवर. वारा पायजे, ऊन नको."

"म्हणजे घर बांधता त्याच्यासाठी?"

"घरच की. माझ्यापेक्षा चांगलं हाय त्येचं घर. माझ्या घराला एवढा वारा लागत न्हाई."

ती हसली. वडील म्हणाले, जावा, परसात जाऊन बोला दोघं. ती दोघं पेंढ्याच्या गंजीपलीकडं गेली. आम्ही बसून राहिलो. मधूनमधून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा मेहुणा मोठ्यानं हसला. बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्याचं ते हसणं आम्ही किती वर्षांत ऐकलं नव्हतं, हे त्या क्षणी दोघांनाही कळलं. मला मनापासून वाटलं, आता त्यांनी तिथंच थांबावं. गंजीपलीकडं. परत येऊच नये.

ती परत आली तेव्हा मेहुण्याचे कान लाल झाले होते. त्यानं मला मान हलवून 'हो' सांगितलं, लहान मुलानं सांगावं तसं. मुलीनंही वडिलांकडं बघून मान हलवली. सुभेदारांनी गुडघ्यावर थाप मारली. "मोहीम फत्ते. इकडची बाजू ओके. आता सर, दुसरी बाजू कवा दाखवताय?"

"दुसरी बाजू कंची?" मेहुण्यानं विचारलं.

सुभेदारांच्या लक्षात आलं आणि त्यांनी रुमाल काढून चेहरा पुसायला घेतला. मुलीचा भाऊ रिकाम्या बशा गोळा करायला लागला. मेहुण्यानं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, मग बहिणीकडं. बहिणीनं मान खाली घातली. एवढं पुरलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या पोरीला म्हाईत हाय का?"

बायको बोलली नाही.

तो मुलीच्या वडिलांकडं वळला. आवाज चढवला नाही. "आवं, ती माझी भाची हाय. तिच्या लग्नात तिला हाताला धरून मांडवात आणायचं काम माझं हाय. मी माझं लगीन करायला तिला कशी देऊ? तुमी राग मानू नका. तुमच्या पोराचंबी काय चुकलं न्हाई. पर ह्ये न्हाई जमायचं."

वडील म्हातारे झाल्यासारखे दिसले. "आमच्या पोरीला नुसती देऊन टाकली," ते हळू म्हणाले, "तर ह्येला कोण बघणार, सांगा तुमी." ते मला विचारत होते. भाषण ऐकलं होतं ना त्यांनी. माझ्याकडं उत्तर असणार, असं त्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, "खरं आहे."

यापेक्षा निरुपयोगी दोन शब्द मी आयुष्यात बोललो नसेन, आणि मी बोलण्याचा पगार घेतो.

मुलगी दारात उभी होती. मेहुणा चप्पल घालताना तिच्याकडं बघून काहीतरी बोलणार होता. मग नुसते हात जोडले त्यानं. तिनंही जोडले. गाडी वळवताना मला आरशात दिसलं, ती अजून तिथंच होती आणि भाऊ तिच्याशेजारी येऊन उभा राहिला होता. दोघंही गाडीकडं बघत होते. दोघांचाही त्यात काही दोष नव्हता, आणि आम्ही दोघांनाही तिथंच ठेवून निघालो होतो.

मेढा ते सातारा रस्ता वळणांचा आहे. सुभेदार गावातच मागं राहिले. मेहुणा माझ्याशेजारी पुढं बसला होता, बायको मागं. मला वाटत होतं, तो आता माझ्यावर चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"ताई," मागं न वळता तो म्हणाला, "आता बघणं बंद करा. आईला मी सांगतो."

"असं नको म्हणूस रे. अजून कुठं..."

"न्हाई. बास झालं." मग मला म्हणाला, "चांगली हुती न्हवं दाजी?"

"चांगली होती."

"औषधाच्या वासानं डोकं धरतंय म्हणली. बागेतबी औषधंच हाईत म्हणलं. ती म्हणली, ती तरी उघड्यावर मारता." एवढं बोलून त्यानं काच खाली केली, ती सातारा येईपर्यंत तशीच होती.

घरी चल, जेव, उद्या जा, असं आम्ही दोघांनी सांगून बघितलं. सासूबाई घरी वाट बघत होत्या. त्यांना तोंड दाखवायची ताकद त्याच्यात नसावी. "धुकं पडाय लागलंय, उद्या सकाळी फवारणी न्हाई केली तर बाग जाईल," असं म्हणून तो स्टँडवर उतरला. तासगावला जाणारी एसटी लागलीच होती. नवा शर्ट चुरगळू नये म्हणून त्यानं पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवली, हे मला बाहेरून दिसलं. गाडी सुटताना त्यानं आमच्याकडं बघून हात केला. नेहमीसारखाच केला.

आम्ही गाडीतच बसून राहिलो. घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं. मी माझ्या बाजूनं थोडा हलका झालो होतो, ते लपवत होतो. माझी मुलगी वाचली होती, आणि त्यासाठी मला स्वतःला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. जे मी बोलायला हवं होतं ते ज्याचं सगळंच बुडणार होतं त्यानं बोलून टाकलं होतं. हे बायकोला सांगावं असं वाटलं. निदान एवढं तरी म्हणावं, की बरं झालं, पोरीपर्यंत हे गेलं नाही.

तेवढंच म्हणालो.

ती समोर बघत होती. पदरानं चष्मा पुसला, परत लावला.

"गेलं होतं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मीच विचारलं तिला. आधी मांजराचंच काहीबाही सांगत राहिली. मग म्हणाली, मामासाठी असेल तर हो. मामाला फक्त कळू देऊ नका म्हणाली, की हे मला कुणीतरी विचारावं लागलं."